शेजारच्या शेडमधलं उत्तर

माझा धंदा फिक्स्चरचा. भोसरी एमआयडीसीत लहानशी शेड, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटिंगचं मशीन), दोन मिलिंग मशीन, एक जुनं सरफेस ग्राइंडर आणि हाताशी चार माणसं. मशीनवर कटिंग चालू असताना जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, तसूभरही हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी जी रचना लागते, ती आम्ही बनवतो. लग्नाकार्यात कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं की "इंजिनिअरिंगचा व्यवसाय" एवढं सांगून मी मोकळा होतो. फिक्स्चर समजावून सांगेपर्यंत पंगत उठते.

पण या धंद्यात एक सोय आहे. कुणाच्याही कारखान्यात थेट आतपर्यंत जायला मिळतं. सकाळी चाकणला गिअरबॉक्सचं केसिंग, दुपारी पिरंगुटला पंपाची बॉडी, परतताना नऱ्ह्याला हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या. मोटारवाला पंपवाल्याच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकत नाही आणि पंपवाल्याला हाडांच्या पट्ट्या कशा बनतात याचा पत्ता नसतो. मी तिन्हीकडे चहा पितो. आणि तिन्हीकडे, चहा संपायच्या आत, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "तसं नाही हो, आमचं जरा वेगळं आहे."

बहुतेकदा वेगळं काही नसतं. पातळ भिंतीचा जॉब आवळला की वाकतो, कटिंग झाल्यावर सोडला की पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे सरकतो आणि माप जातं. ही तक्रार मी बेअरिंगच्या रिंगबद्दल ऐकली आहे, पंपाच्या कव्हरबद्दल ऐकली आहे आणि टायटॅनियमच्या पट्टीबद्दलही. तिघांनी तिला नावं निराळी दिली होती, रिजेक्शनच्या फायली निराळ्या होत्या, आणि तिघांचीही खात्री होती की असला भोग जगात आपल्याच नशिबी आलाय. त्यातल्या एकाच्या टूलरूममधल्या म्हाताऱ्या फिटरला उतारा ठाऊक होता: आवळायचं तिथेच, नेमकं खालून, टेकू द्यायचा. बाकी दोघांना ते कळायला मी दारात यावं लागलं. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं आणि गुपितं मी कुठे बोलत नाही, पण टेकू कुठे द्यावा हे काही कुणाचं पेटंट नव्हे.

पुण्यात सध्या नवकल्पनांचं पीक जोरात आहे. सेनापती बापट रस्त्यापासून हिंजवडीपर्यंत कुठे ना कुठे शिबिर चालू असतं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, हातात मार्कर, मधल्या सुट्टीत कॉफी आणि तीन कोपऱ्यांचे सँडविच. मलाही बोलावतात अधूनमधून, "अनुभवी उद्योजक" म्हणून. तिथे सगळे कल्पनांच्या मागे लागलेले असतात. मला वाटतं, कल्पना मुबलक आहेत; या शहरात तर त्या मागितल्याशिवायही मिळतात. खरी टंचाई आहे ती आपली अडचण परक्याला कळेल अशी मांडू शकणाऱ्यांची. ज्याला ती तशी मांडता येते, त्याला उत्तर अनेकदा शेजारच्या शेडमध्ये तयार मिळतं. मग पुढची रखडपट्टी सुरू होते. तिच्याबद्दल शिबिरात कुणी बोलत नाही, कारण ती चिठ्ठीवर मावत नाही.

मागे एका थंडीत माझ्या मित्राच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला. धायरीला त्यांचं मसाल्याचं युनिट आहे. गोडा मसाला, कांदा-लसूण, मिरची पूड, हळद. पाउच भरायचं मशीन नवं घेतलेलं. त्यात फिल्मचा रोल वरून येतो, एका नळीभोवती गुंडाळला जाऊन त्याची पिशवी होते, नळीतून मसाला पडतो आणि खालचे तापलेले जबडे तोंड बंद करतात. त्या जबड्यांना सगळे 'जॉ' म्हणतात. पाकिटं गळत होती. दुकानदार माल परत पाठवत होते. मशीनवाल्याने येऊन जॉचं तापमान वाढवलं, तर फिल्मला सुरकुत्या पडल्या. फिल्मवाल्याने रोल बदलून दिला आणि बोट मशीनवाल्याकडे दाखवलं. कुणी म्हणालं, दळण जाड ठेवा. तेही करून झालं, तर जुनी गिऱ्हाइकं चवीवरून बोलू लागली.

"भाऊजी, आता नवे जॉच करून द्या तुम्ही. होऊ दे खर्च," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, गळती, सील, जॉ हे शब्द जरा बाजूला ठेवा. मशीन जन्मात न पाहिलेल्या माणसाला सांगाल तसं सांगा. मसाला नेमकं काय करतो?"

त्यांनी मशीनकडे बघत बघत सांगितलं. "हे बघा, तो सरळ खाली पडायला हवा, तर पडत नाही. कागदाला आतून जाऊन चिकटतो. तेही जिथे कागदाला कागद चिकटायला हवा नेमका तिथे. पोरी फडक्याने पुसतात, तर पुसलं की जास्तच ओढला जातो. आणि गंमत म्हणजे पावसाळ्यात शहाण्यासारखा वागतो. तेव्हा गाठी होतात, पण चिकटत नाही."

पुसलं की वाढतं, पावसाळ्यात जातं. यात वीज आहे एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. केसांवर घासलेला कंगवा आणि कागदाचे कपटे शाळेत सगळ्यांनी पाहिलेले असतात. फक्त त्या कंगव्याला शांत कसं करायचं, हे शाळेत कुणी शिकवत नाही.

पुढच्याच आठवड्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेलो होतो. आमचा कॅटलॉग तिथे छापतात. ऑफसेटवर जे मशीनमन आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात. हयात शाईत गेलेली, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. प्रूफ यायला वेळ होता म्हणून मी त्यांना वहिनींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मामांनी ऐकून घेतलं, मशीनचा वेग थोडा कमी केला आणि म्हणाले, "अहो, मग तुमच्या मसाल्यालाही थंडीच बाधते की! आमचा कागद हेच करतो. डिसेंबरात आणि मग एप्रिल-मे. एक ताव उचलावा तर दोन येतात."

त्यांनी बोटाने दाखवलं. छापलेले ताव जिथे येऊन पडतात तिथे, कागदापासून दीड-दोन बोटं वर, एक दोरी आडवी ताणून बांधलेली. लग्नाच्या मांडवाला चमकी लावतात तशी दिसणारी, पण तांब्याच्या बारीक तारांची. तिचं एक टोक उघड्या वायरने मशीनच्या लोखंडाला आणि तिथून जमिनीला जोडलेलं. कागदावर साठलेली वीज त्या असंख्य अणकुचीदार टोकांकडे धाव घेते, टोकांजवळच्या हवेतून वाट काढते आणि जमिनीत जाते. दोरीने कागदाला शिवावंही लागत नाही. "आणि फारच झालं तर फरशीवर पाणी मारायचं," मामा म्हणाले. "मालक ओरडतो, पण काम होतं."

वहिनींच्या मसाल्यांचे खोके अशाच एका छापखान्यात छापले जातात. रंग बरोबर आलाय का हे बघायला त्या स्वतः मशीनपाशी उभ्या राहतात. ती चमकीची दोरी त्यांच्या डोळ्यांसमोर किती वेळा आली असेल कोण जाणे! पण तिथे त्या लाल रंगाची छटा बघायला गेलेल्या असतात, मसाला डोक्यात नसतो.

यात त्यांचा दोष नाही. माणसाचं डोकंच असं चालतं आणि ते कुणीतरी मोजूनही पाहिलंय. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कोडं घातलं: रुग्णाच्या पोटात गाठ आहे, किरणांनी ती जाळता येते, पण गाठ जाळण्याइतके तीव्र किरण सोडले तर वाटेतली चांगली पेशीही जळते, सौम्य सोडले तर गाठीला काही होत नाही. काय कराल? आपणहून उत्तर सापडलं ते साधारण दहातल्या एकाला. दुसऱ्या गटाला आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचा आहे, वाटांवर सुरुंग पेरलेत, मोठी फौज गेली की ते उडतात. म्हणून तो फौजेच्या लहान लहान तुकड्या करतो, वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो आणि किल्ल्यापाशी सगळ्या एकदम गाठ घालतात. गाठीचं उत्तर हेच आहे: अनेक दिशांनी सौम्य किरण सोडा, गाठीवर ते एकत्र येऊ द्या. गोष्ट नुकतीच वाचून झालेली, तरी सुमारे तिघांतल्या एकालाच ती कोड्याला लावून बघावीशी वाटली. "ती गोष्ट इथे उपयोगी पडेल" एवढं सांगितल्यावर मात्र चारातल्या तिघांना सुटलं. सिंहगडाच्या पायथ्याशी वाढलेल्यांचा आकडा थोडा बरा येईल अशी माझी भाबडी समजूत आहे, पण पैज लावणार नाही. किल्ल्याची गोष्ट किल्ल्याच्या कप्प्यात जाते आणि गाठ डॉक्टरच्या.

म्हणून अडचण सांगताना आपल्या धंद्याचे शब्द उतरवून ठेवावे लागतात. "सीलिंगचा प्रॉब्लेम" म्हटलं की सीलिंगवाला येतो. "मसाला कागदाला चिकटतो" म्हटलं तर छापखान्यातले मामा संभाषणात शिरू शकतात.

अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज फुटून समुद्रात तेल सांडलं. पुढे कितीतरी वर्षं अशा सांडलेल्या तेलाबाबत एक त्रास शिल्लक होता: पाण्यातून गोळा केलेलं तेल थंडीने इतकं घट्ट व्हायचं की ते साठवलेल्या बार्जमधून पंपाने बाहेर काढता यायचं नाही. तेलाच्या धंद्यातली तज्ज्ञ मंडळी त्यावर डोकं लावून बसलेली. अखेर २००७ साली तो प्रश्न एका खुल्या स्पर्धेत मांडला गेला आणि २०,००० डॉलरचं बक्षीस जॉन डेव्हिस नावाच्या इलिनॉयच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. त्याचा तेलाशी काही संबंध नव्हता. एका ओळखीच्या माणसाच्या काँक्रीटच्या कामावर त्याने हात लावला होता आणि काँक्रीट घट्ट होऊ नये, वाहतं राहावं म्हणून त्यात व्हायब्रेटर खुपसतात हे त्याने पाहिलेलं. तोच तेलात घाला, म्हणाला. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी अख्ख्या सोसायटीची झोप उडवणारं यंत्र ते. वारजे-बावधनच्या कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला हा प्रश्न मराठीत विचारला असता, तर त्यालाही हे सुचलं असतं असं मला राहून राहून वाटतं. त्याला कोण विचारणार, हा वेगळा मुद्दा. त्याच्याकडे येतोच.

पुण्यातली या प्रकारची सगळ्यात मोठी गोष्ट घोड्यांची आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा फार्म होता. वय झालेले, शर्यतीच्या आणि पैदाशीच्या कामाचे न राहिलेले घोडे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. धनुर्वातावरचं सीरम त्या काळी घोड्याच्या रक्तापासून करत: घोड्याला विषाची बेताची मात्रा टोचायची, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की रक्त काढून ते वेगळं करायचं. घोडे पुण्याचे, औषध मुंबईचं. हे आपल्याकडेच का करू नये, असं सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कट्ट्यावर ही गोष्ट धंदेवाईक चलाखीची म्हणून सांगितली जाते. मला त्यातलं निराळंच काही आवडतं. घोडा तोच. फार्मच्या वहीत तो खर्चाच्या बाजूला, हाफकिनच्या वहीत कच्च्या मालाच्या. दोन्ही वह्या एकाच वेळी बघण्याची कुणाला गरज पडली नव्हती. अर्थात पुढची धनुर्वातापासून लसींपर्यंतची वाट घोड्याने चालून दिलेली नाही. निर्जंतुक खोल्या, परवाने, प्रत्येक बॅचची तपासणी, यातलं काहीही घोड्यांच्या धंद्यात शिकायला मिळत नाही.

आता विचारायचं कुणाला, हा मुद्दा. मामांनी ती दोरी दाखवली तेव्हा छापखान्याचे मालक शेजारीच उभे होते. त्यांना ती दोरी कशासाठी आहे ते सांगता आलं नाही. "असते ती," म्हणाले.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना १८९४ साली लिऑन शहरात सुरा भोसकला गेला. पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली आणि ते दगावले. तेव्हाच्या शल्यचिकित्सकांना कापलेली रक्तवाहिनी शिवता येत नसे. शिवली तरी गळायची, नाहीतर आत गुठळी व्हायची. त्याच शहरात डॉक्टरकी शिकणाऱ्या अलेक्सिस कॅरेल या तरुणाला हे बोचलं. लिऑन हे रेशमाचं आणि भरतकामाचं गाव. कॅरेल मादाम लरूदिए नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि बारीक सुई, बारीक रेशीम कसं चालवायचं ते शिकला. नंतर त्याने वाहिनीच्या कापलेल्या तोंडाला समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणायचं तंत्र काढलं. गोल तोंड ताणलं की त्रिकोण होतो, आणि सरळ कडेवर शिवणं सोपं जातं. मी फिक्स्चरवाला असल्यामुळे हे वाचून खुर्चीतून उठलो होतो. हे अस्सल फिक्स्चर आहे! हलणाऱ्या, लिबलिबीत वस्तूला तीन बिंदूंवर धरून तिची सरळ कड काम करणाऱ्यासमोर आणायची. १९१२ साली कॅरेलला नोबेल मिळालं. मादाम लरूदिए यांचं नाव त्याच्या चरित्राच्या एखाद्या ओळीत सापडतं.

जयपूर फूटचंही तसंच. परदेशी कृत्रिम पाऊल आपल्या लोकांच्या कामाचं नव्हतं. त्याला बूट लागायचा, मांडी घालता यायची नाही, उकिडवं बसता यायचं नाही, शेतातल्या चिखलात ते टिकायचं नाही. रामचंद्र शर्मा हे कारागीर, शाळेचं शिक्षण जेमतेम. टायरची दुरुस्ती बघताना त्यांना रबराचं पाऊल सुचलं असं सांगतात. डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्यांचे सहकारी यांच्यासोबत १९६० च्या दशकाच्या शेवटी ते आकाराला आलं. डॉक्टर सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्यांचं काम मोठं होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण दुसरं नाव तुमच्या ओळखीत किती जणांना ठाऊक आहे ते विचारून बघा.

आपल्या कारखान्यांत सूचनापेटी असते. वर्षातून एकदा उघडतात, उत्तम सूचनेला टिफिनचा डबा देतात. एका उद्योगातली युक्ती दुसरीकडे नेण्याच्या गप्पा मारणाऱ्या कंपन्यांत मी असं पाहिलंय की वरच्या मजल्यावरचा डिझाइनवाला खालच्या शॉप फ्लोअरवर महिनोन्‌महिने उतरत नाही. भोसरीहून जर्मनीला प्रदर्शनासाठी जातील, पण जिना उतरणार नाहीत. जिथे पगार, शिक्षण आणि खरं सांगायचं तर जात यांच्या पायऱ्या मध्ये असतात, तिथे कल्पनेला प्रवास करायला विमान लागत नाही, कुणीतरी "मामा, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारावं लागतं. हे लिहायला सोपं आहे. मामांना मालकासमोर विचारलं तेव्हा तेही आधी मालकाच्या तोंडाकडे बघूनच बोलले होते.

रखडपट्टीकडे वळतो.

मामांची दोरी सापडली म्हणजे वहिनींचा प्रश्न सुटला असं नाही. पहिली अडचण तिथेच आली: तांब्याच्या त्या बारीक तारा तुटून गळतात. छापखान्यात एखादी तार कागदावर पडली तर झटकून टाकता येते. मसाल्यात पडली तर ती कुणाच्या तरी आमटीत जाणार. तेव्हा दोरी बाद. तेच काम करणारी, पण सुटी तार नसलेली, उच्च दाबाच्या विजेवर चालणारी आयनायझरची पट्टी मिळते, ती घ्यायची ठरली. ती नळीपाशी लावायची सोय नाही, कारण तिथे मसाल्याची धूळ उडते. म्हणून फिल्म नळीभोवती वळायच्या अलीकडे लावली. फरक पडला, पण अर्धाच. मग एके दुपारी मल्टिमीटर घेऊन एकेक रोलर तपासला, तर मशीनच्या बॉडीला अर्थिंग चोख, पण मधले दोन रोलर प्लॅस्टिकच्या बुशवर बसवलेले. त्यांची वीज जमिनीपर्यंत पोचायला वाटच नव्हती. फिल्म पट्टीपाशी शांत होऊन पुढे जायची आणि त्या रोलरांवर घासून पुन्हा वीज धरायची. त्यांना आणि भरायच्या नळीला वेगळं अर्थिंग दिलं. मग बरं चालू लागलं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडलं. पट्टीच्या टोकांवर हळदीचा बारीक थर बसला होता. छापखान्यातही धूळ असते, पण हळद ती हळद! तेव्हापासून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ब्रशने ती टोकं साफ करायची, मेन स्विच बंद करूनच, असं ठरलं आणि भिंतीवर मराठीत कागद लागला. कोरड्या फडक्याने फिल्म पुसायची नाही, हेही त्यावर लिहिलं. नवीन पोरी अजून पुसतात. सवय आहे.

मामांना उत्तर द्यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. बाकीच्यात ती थंडी गेली.

दुसऱ्या धंद्यातून उचललेली वस्तू सोबत काय काय आणत नाही, हे बघायचं तर चेकलिस्टचं उदाहरण घ्यावं. १९३५ साली बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं. वैमानिक कसलेला होता. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटीकडच्या हलत्या पट्ट्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली कडी उड्डाणाआधी काढायची राहिली होती. विमानं आता एका माणसाच्या आठवणीवर चालवण्यापलीकडे गेलीत, हे ओळखून वैमानिकांसाठी याद्या आल्या. सत्तरेक वर्षांनी अतुल गवांदे या अमेरिकेतल्या सर्जनने (वडील विदर्भातले, त्यामुळे आपण त्यांना आपले म्हणतोच) जागतिक आरोग्य संघटनेसाठी तीच युक्ती शस्त्रक्रियागृहात आणली. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबायचं, ठरलेल्या गोष्टी मोठ्याने म्हणायच्या. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत आलेला निकाल २००९ च्या जानेवारीत छापून आला: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं.

मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ती यादी रुग्णालयांना लागू केली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. का, यावर बरीच चर्चा झाली. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं फार आश्चर्य वाटत नाही. ऑडिट आलं की चेकशीटवर एकाच पेनाने, एकाच दिवशी, महिनाभराच्या टिका मारल्या जातात हे मी पाहिलेलं आहे. कागद एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो. कनिष्ठाने वरिष्ठाला "थांबा" म्हणायची मुभा त्या कागदाबरोबर जातेच असं नाही.

मुभेची गोष्ट निघालीच तर दोरीचीही सांगतो. मामांची नव्हे, चाकणच्या लाइनवरची. असेंब्लीवर माणसांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. काही चुकतंय असं दिसलं की कुणीही ती ओढायची, दिवा लागतो, गरज पडली तर लाइन थांबते. तिचं मूळ मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारे माग बनवले. १९२४ चा त्यांचा 'टाइप जी' माग इतका गाजला की इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. पुढे त्यांच्या मुलाने मोटारी काढल्या. सदोष माल विणत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा मागाचा कायदा मोटारीच्या लाइनवर आला. इचलकरंजीच्या माणसाला हे चटकन कळतं. पण मी एका ठिकाणी (नाव कशाला?) अशी दोरी पाहिली आहे जिच्यावर धुळीचा थर होता. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "आहे ना साहेब. पण ओढली की मिटिंग लागते."

याउलट लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात काय झालं ते बघा. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला अतिदक्षता विभागात हलवताना गोंधळ व्हायचा: नळ्या, तारा, पंप आणि चारही बाजूंनी एकदम चाललेलं बोलणं. मार्टिन इलियट आणि अ‍ॅलन गोल्डमन या तिथल्या दोन डॉक्टरांनी दमून टीव्ही लावला, तर फॉर्म्युला वन चालू होतं. पिटमध्ये गाडी येते, डझनावारी माणसं तुटून पडतात, काही सेकंदांत चाकं बदलून गाडी बाहेर. ते फेरारीकडे गेले. फेरारीच्या लोकांना हृदयातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच त्यांनी भाबडा प्रश्न विचारला: इथे प्रमुख कोण? पिटमध्ये गाडी कधी सोडायची हे सांगणारा एकच माणूस असतो. रुग्णालयात ते नक्की ठरलेलं नव्हतं. मग ती जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे दिली, आधी यंत्रं जोडायची आणि मग बोलायचं असा क्रम ठरला, प्रत्येकाचं काम ठरलं. २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात दर खेपेच्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या. शून्यावर आल्या नाहीत. मला तो आकडा त्यामुळेच खरा वाटतो.

सध्या माझ्याकडे कॅम्पातले एक बेकरीवाले येऊन गेलेत. खारी आता बाहेरगावी पाठवायची आहे आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत पुड्यात निम्मा चुरा होतो. त्यांना माझ्याकडून पुडे भरायच्या मशीनसाठी चिमटा हवा होता. आता माझी सगळी विद्या घट्ट धरण्याची आणि खारी ही तर धरताच येत नाही अशी वस्तू. मी त्यांना तेच विचारलं, खारी, पुडा, पॅकिंग हे शब्द न वापरता सांगा. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हलकं आहे. वरून दाबलं की मोडतं, बाजूने दाबलं की पापुद्रा सुटतो. खालून उचललं तर मोडत नाही. आणि एकमेकांना लागलं की संपलं."

तेव्हापासून हे वाक्य घेऊन फिरतोय. बांगड्यांच्या ठोक व्यापाऱ्याला सांगून झालं, सौर पॅनलच्या काचा हाताळणाऱ्या एका मुलाला सांगून झालं. तो हवेच्या दाबाने खालून तरंगत न्यायचं म्हणतो, पण खारीचे तुकडे त्याच्या भोकांत जाणार. बेकरीवाल्यांचा काल पुन्हा फोन आला. "आमच्याकडे अंडी घेऊन येतो ना, त्या पोऱ्याला विचारलं मी," म्हणाले. "तो म्हणतो, आधी खोका बघू द्या."